क्रोशाचं पहिलं फूल: सुई धरण्यापासून देठ लावेपर्यंत

माझ्या पहिल्या फुलाला पाच पाकळ्या यायला हव्या होत्या. पाच झाल्या, पण एक टाका उरला. तो रिकामा बरा दिसेना म्हणून त्यात मी सहावी पाकळी कशीबशी बसवली, आणि फूल एका बाजूला दुमडलं. चूक पाकळ्यांत नव्हतीच. पहिली फेरी बंद करताना घातलेला जोडटाका, म्हणजे फेरीची सुरुवात आणि शेवट जोडणारा टाका, मी वेगळा टाका म्हणून मोजला होता, त्यामुळे दहाच्या जागी अकरा झाले होते. हे कळायला मला बरेच दिवस लागले, कारण मी हातांच्या हालचाली पाठ करत होते, विणलेल्याकडे बघत नव्हते.

म्हणून आधीच सांगते: क्रोशाच्या फुलात हात वळणं ही अर्धी गोष्ट झाली, टाका ओळखता येणं ही उरलेली अर्धी. ज्याला टाका दिसतो, त्याला आपली चूक स्वतः सापडते. शिकायला फूल घ्यावं ते याचसाठी. फेऱ्या छोट्या असतात, टाके बोटांवर मोजता येतात आणि चुकलं तर पाच मिनिटांत उसवून पुन्हा सुरुवात करता येते. क्रोशात एका वेळी एकच फास मोकळा असतो. दोन सुयांच्या विणकामासारखी टाके निसटून खाली पळण्याची भीती इथे नाही. सुई काढा, दोरा ओढा, हवं तिथवर उसवा, त्या फासात पुन्हा सुई घाला.

१. काय काय लागेल

- क्रोशाची सुई, ३.५ किंवा ४ मिमीची. हे माप मुठीच्या बाजूला कोरलेलं असतं.
- मध्यम जाडीचा दोरा. वेष्टनावर ८ प्लाय किंवा डीके लिहिलेलं असेल तर ३.५ ते ४ मिमीची सुई त्याला जुळते.
- बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. टोकं लपवायला आणि भाग शिवायला.
- छोटी, धारदार कात्री.
- दोन-तीन सेफ्टी पिना, टाक्यावर खूण ठेवायला.
- देठ करायचा असेल तर फुलं बनवण्याची पातळ तार, हिरवा दोरा आणि पांढरा गोंद.

पहिल्या फुलासाठी रंग फिका घ्या आणि दोरा गुळगुळीत. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत. केसाळ, मऊ लोकर दुकानात कितीही लोभस वाटली तरी तिच्यात टाका शोधणं सरावलेल्या हातालाही जड जातं, आणि ती उसवताना अडकते. सुती दोऱ्याची पाकळी नेमक्या आकारात उभी राहते. अॅक्रिलिक लोकर थोडी ताणते, त्यामुळे हात घट्ट असणाऱ्यांना ती सोयीची. नाजूक फुलं बारीक दोऱ्याची आणि दीड मिमीच्या आसपासच्या पोलादी सुईची असतात. त्यांच्याकडे नंतर वळा. आधी टाका मोठा दिसू द्या.

२. पाच टाके, आणि नावांचा गोंधळ

टाक्यांची मराठी नावं घरागणिक थोडी बदलतात. मी इथे ज्या नावाने ज्या टाक्याला ओळखते तो असा घालतात:

साखळी: सुईवर दोऱ्याचा वेढा घ्या आणि तो सुईवरच्या फासातून ओढून काढा.

जोडटाका, ज्याला बऱ्याच जणी स्लिप स्टिच म्हणतात: सुई टाक्यात घाला, वेढा घ्या, तो टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून एकदमच बाहेर ओढा. याला उंची जवळजवळ नसते.

मुका खांब: सुई टाक्यात घाला, वेढा घेऊन बाहेर ओढा. सुईवर २ फास झाले. पुन्हा वेढा घ्या, दोन्हींतून ओढा.

अर्धा खांब: आधी सुईवर वेढा घ्या, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढून आणा. सुईवर ३ फास आहेत. वेढा घ्या, तिन्हींतून एकदम ओढा.

खांब: सुरुवात अर्ध्या खांबासारखीच. ३ फास झाले की वेढा घेऊन दोनांतून ओढा, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून ओढा.

आता सर्वांत मोठा सापळा. इंग्रजीतून लिहिलेले नमुने वापरायला लागलात की कळेल, अमेरिकी आणि ब्रिटिश नावं एकच असून अर्थ वेगळे आहेत. ज्याला मी मुका खांब म्हटलं, तो अमेरिकेत सिंगल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. माझा खांब अमेरिकेत डबल क्रोशे, तर ब्रिटनमध्ये ट्रेबल. 'डबल' वाचून भलताच टाका घातला तर पाकळी निम्म्या उंचीची तरी होते किंवा दुप्पट तरी. ओळखायची खूण सोपी आहे: ब्रिटिश पद्धतीत 'सिंगल क्रोशे' नावाचा टाकाच नाही. नमुन्यात तो शब्द दिसला की नमुना अमेरिकी समजा. चिन्हांचा तक्ता दिलेला असेल तर प्रश्नच मिटतो. त्यात लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी अक्षरासारखं चिन्ह म्हणजे अर्धा खांब, आणि त्याच टीवर एक तिरकी रेघ असेल तर खांब.

३. फुलाआधी एक पट्टी

पंधरा साखळ्या घाला आणि त्यांवर मुक्या खांबांच्या चार-पाच ओळी विणा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला १ साखळी घालून काम उलटवा. पट्टी सुंदर व्हायची गरज नाही. ती फक्त बघण्यासाठी आहे.

आता तिच्या वरच्या कडेकडे पाहा. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर आडवी पडलेली एक वेणी दिसेल, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. एक वेणी म्हणजे एक टाका. नमुन्यात वेगळं सांगितलं नसेल तर सुई नेहमी या वेणीच्या दोन्ही दोऱ्यांखालून जाते. नवशिक्यांची सुई नकळत एकाच दोऱ्याखालून जाते, आणि मग पाकळीच्या मुळाशी भोकं पडतात. प्रत्येक ओळीनंतर वेण्या मोजा. बोट ठेवून, मोठ्याने मोजा.

टाके फार घट्ट होत असतील आणि सुई आत शिरत नसेल, तर दोष बहुतेक वेळा दोरा ओढण्यात नसतो. फास सुईच्या जाड दांड्यावर न घेता टोकाच्या वाकड्या आकड्याजवळच्या निमुळत्या मानेवर घेतला की तो लहान राहतो. फास दांड्यापर्यंत येऊ द्या. तरीही घट्टच राहिला तर अर्ध्या मिमीने मोठी सुई घ्या.

डावखुऱ्यांनी सगळ्या दिशा उलट धराव्यात. आकृती आरशात धरून पाहिली तर हवी तशी दिसते.

४. मधलं कडं

बहुतेक फुलं मधल्या कड्यापासून सुरू होतात. दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग: ४ साखळ्या घाला, पहिल्या साखळीत जोडटाका घालून गोल करा आणि पुढचे टाके त्या गोलाच्या पोटात घाला. मध्ये छोटं भोक राहतं. त्यावर मणी किंवा बटण शिवणार असाल तर ते लपतं.

दुसरा मार्ग मॅजिक रिंगचा, म्हणजे ओढून बंद होणाऱ्या कड्याचा. डाव्या हाताच्या दोन बोटांभोवती दोरा असा गुंडाळा की वर फुली पडेल. सुई पहिल्या दोऱ्याखालून सरकवा, दुसरा दोरा पकडून त्याखालून ओढून आणा, सुई किंचित फिरवा आणि १ साखळी घाला. कडं अलगद बोटांवरून काढा. आता टाके घालताना सुई कड्याच्या आतून जाऊ द्या. कड्याचा दोरा आणि दोऱ्याचं मोकळं टोक, दोन्ही टाक्याच्या पोटात आले पाहिजेत. सगळे टाके झाले की मोकळं टोक ओढा, कडं मिटतं.

हे पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत जमत नाही. मला एक पूर्ण संध्याकाळ लागली होती. पण एकदा जमलं की फुलाचा मध्य इतका नेटका येतो की पुन्हा साखळीच्या गोलाकडे जावंसं वाटत नाही. एक खबरदारी मात्र घ्या: टोक नुसतं कापून टाकलं तर कडं हळूहळू उघडतं. ते सुईत ओवून कड्याच्या टाक्यांमधून पूर्ण एक वेढा फिरवा, मगच कापा.

५. पाच पाकळ्यांचं फूल

पहिली फेरी: कड्यात १० मुके खांब. पहिला मुका खांब घातला की लगेच त्याच्या वेणीत सेफ्टी पिन अडकवा. दहा झाले की कडं ओढून मिटवा आणि पिन लावलेल्या टाक्यात जोडटाका घालून फेरी बंद करा. आता मोजा. वेण्या दहाच दिसल्या पाहिजेत. हा जोडटाका मोजायचा नाही. मी मोजला होता, तो हाच.

दुसरी फेरी: एका पाकळीला दोन टाके लागतात.

पहिली पाकळी, जिथे फेरी बंद केली तिथूनच: २ साखळ्या, त्याच टाक्यात २ खांब. पुढच्या टाक्यात २ खांब, २ साखळ्या, आणि त्याच टाक्यात १ जोडटाका. पाकळी पूर्ण झाली.

पुढच्या टाक्यात १ जोडटाका घाला आणि हेच पुन्हा करा. दहा टाक्यांत पाच पाकळ्या नेमक्या बसतात. शेवटच्या पाकळीनंतर सुमारे १५ सेंटिमीटर टोक ठेवून दोरा कापा आणि तो फासातून पूर्ण ओढून घ्या.

मध्य पिवळा आणि पाकळ्या वेगळ्या रंगाच्या हव्या असतील तर पहिल्या फेरीनंतर पिवळा दोरा कापा आणि नवा रंग कोणत्याही टाक्यात जोडटाक्याने सुरू करा. पहिल्याच फुलात नको, तिसऱ्या-चौथ्यात करा.

पाकळी टोकदार हवी असेल तर चार खांबांच्या मधोमध २ साखळ्या घाला. लांब हवी असेल तर खांबाआधी सुईवर एकाऐवजी दोन वेढे घ्या आणि दोन-दोन फासांतून तीनदा ओढा. या टाक्याची उंची जास्त असते, म्हणून दोन्ही बाजूंना २ ऐवजी ३ साखळ्या लागतील.

हेच फूल पाच वेळा करा. पाच वेगळी फुलं एकेकदा करण्यापेक्षा हे कितीतरी जास्त शिकवतं. पाचही ओळीने मांडून ठेवा. पहिल्या आणि पाचव्यातला फरक डोळ्यांना दिसतो, आणि पुढचं शिकायचा हुरूप त्यातूनच येतो.

६. वाटी का होते, झालर का पडते

फूल सपाट बसत नाही ही तक्रार सगळ्यांची असते. कारण टाक्यांच्या संख्येत आहे. टाक्याची उंची जितकी जास्त, तितका घेर झपाट्याने वाढतो आणि तितके जास्त टाके सुरुवातीला लागतात. सपाट वर्तुळासाठी मुक्या खांबांनी साधारण ६ टाक्यांपासून सुरुवात करतात आणि दर फेरीत ६ वाढवतात. खांबांचं वर्तुळ असेल तर १२ ने सुरुवात आणि दर फेरीत १२ ची वाढ. अर्धा खांब यांच्या मधे बसतो. टाके कमी पडले की कड आत ओढली जाते आणि वाटी होते. जास्त झाले की कडेला जागा पुरत नाही आणि झालर पडते. सूर्यफुलासारखा मोठा मध्य करताना हे लक्षात ठेवा.

याच झालरीने एका गणितज्ञ बाईंना मोठी वाट दाखवली. डायना टायमिना यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असताना, टाके ठरावीक प्रमाणात वाढवत नेऊन, अतिपरवलयी (हायपरबोलिक) भूमितीतलं प्रतल, म्हणजे मध्यापासून दूर जाताना ज्याचा घेर झपाट्याने वाढत जातो असा पृष्ठभाग, क्रोशाने विणलं. कागदावर चटकन न उमगणारी गोष्ट त्यामुळे हातात धरून दाखवता आली. मला हे फार आवडतं. आपल्या हातून चुकून पडलेली झालर आणि ते प्रतल, दोन्हींमागे एकच नियम आहे.

आणि झालर मुद्दाम पाडली की कार्नेशन तयार होतं. मुक्या खांबांचं छोटं वर्तुळ करा, मग एका फेरीत प्रत्येक टाक्यात ३ खांब घाला, पुढच्या फेरीत पुन्हा प्रत्येकात २. कड आपोआप चुरगळून फुलते.

७. गुंडाळायचा गुलाब

दिसायला सर्वांत अवघड, करायला बहुधा सर्वांत सोपं फूल हेच. कारण ते सरळ पट्टीत विणायचं असतं.

सुरुवातीचं टोक २० सेंटिमीटरचं ठेवून ४१ साखळ्या घाला. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीपासून प्रत्येकीत १ मुका खांब. ४० झाले पाहिजेत. मोजा. १ साखळी घालून काम उलटवा.

आता पाकळ्या. प्रत्येक पाकळी चार टाक्यांवर बसते: एक टाका सोडा, पुढच्यात पाकळीचे सगळे टाके घाला, एक सोडा, पुढच्यात जोडटाका. चाळीस टाक्यांत दहा पाकळ्या होतात. पहिल्या तीन पाकळ्यांत ५ अर्धे खांब घाला, पुढच्या तीनांत ५ खांब, शेवटच्या चारांत ७ खांब. लहान पाकळ्या कळीचा गाभा होतात आणि मोठ्या बाहेर उमलतात. शेवटी किमान ३० सेंटिमीटर टोक ठेवून कापा.

पट्टी स्वतःहूनच वळायला लागलेली दिसेल. घाबरू नका, ती वळायलाच हवी. लहान पाकळ्यांकडून गुंडाळायला लागा. पहिले दोन वेढे घट्ट घ्या, पुढचे सैल. खालची मुक्या खांबांची कड सगळीकडे एका पातळीत ठेवा, ती वर-खाली झाली तर गुलाब तिरका बसतो. लांब टोक आता बाहेरच्या बाजूला आलेलं असेल. ते सुईत ओवून तळातून आरपार टाके घाला, आधी आडवे, मग त्यांना काटकोनात. मधली पाकळी वर ओढून बघा. ती हलली तर टाके मध्यापर्यंत पोचलेले नाहीत. माझे दोन गुलाब याच कारणाने नंतर उलगडले, फक्त बाहेरचे वेढे शिवले गेले होते. सुरुवातीचं टोक मध्यातून खाली येतं, त्यानेही दोन टाके घाला.

८. पान आणि देठ

पान: ८ साखळ्या. दुसऱ्या साखळीपासून क्रमाने १ मुका खांब, १ अर्धा खांब, ३ खांब, १ अर्धा खांब, १ मुका खांब. मग २ साखळ्या घाला, हे पानाचं टोक. आता काम न उलटवता साखळीच्या दुसऱ्या कडेने परत या, तेच सात टाके त्याच क्रमाने घाला आणि पहिल्या टाक्यात जोडटाका घाला. दोऱ्याचं शेवटचं टोक देठाकडे येतं, त्यानेच पान शिवून टाका; सुरुवातीचं टोक पानाच्या टोकाशी राहतं, ते मागच्या टाक्यांत लपवा.

देठासाठी तारेचं टोक आधी दुमडा. फुलाच्या मागून तार वर काढून मध्याजवळच्या दुसऱ्या छिद्रातून खाली घ्या आणि दोन्ही बाजू एकमेकींना पिळा. मग थोडा थोडा गोंद लावत हिरवा दोरा वरून खाली गुंडाळा, वेढे अगदी शेजारीशेजारी. पान मधेच तारेला टेकवून त्याच वेढ्यांत पकडा. लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या फुलात तार घालू नका. तिथे पाच-सहा साखळ्यांचा देठ पुरतो.

९. टोकं आणि आकार

हा भाग सगळे टाळतात आणि फुलं यामुळेच सुटतात. गाठ मारून दोरा कापू नका. टोक सुईत ओवून मागच्या बाजूच्या टाक्यांतून एकीकडे न्या, एक दोरा सोडून उलट फिरवा, मग तिसऱ्या दिशेला न्या. तीन दिशांना गेलेलं टोक सहसा सुटत नाही.

पाकळ्या वळत असतील तर सुती फूल ओलं करून, मऊ पृष्ठभागावर पिनांनी ताणून वाळू द्या. पिना गंजणाऱ्या नसाव्यात. कडक हवं असेल तर स्टार्चच्या पाण्यात किंवा पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात बुडवा, जास्तीचं पाणी दाबून काढा आणि आकार देऊन वाळवा. अॅक्रिलिकला तापलेली इस्त्री लावू नका, धागा वितळून चपटा होतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. गडद लाल किंवा निळा दोरा पांढऱ्याशी जोडण्याआधी त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. रंग जात असेल तर ते दोन रंग एकत्र आणू नका.

१०. यानंतर

पाचवं फूल मनासारखं आलं की थरांचं गुलाबफूल करून पाहा. पहिल्या पाकळ्यांच्या मागे साखळ्यांच्या कमानी घालायच्या आणि त्या कमानींत पुढचा, मोठा थर विणायचा, अशी ती रीत. आयरिश क्रोशातलं हे ओळखीचं फूल. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात या कामाने कितीतरी घरांना हातभार लावला. फुलं, पानं सुटी विणायची आणि मग जाळीने एकमेकांना जोडून अख्खी लेस तयार करायची. एकेक फूल वेगळं, स्वतःत पूर्ण, म्हणून घरातल्या कामातून उसंत मिळेल तसं करता येत असे.

तुमचीही फुलं तशीच साठू द्या. एका डब्यात ठेवत जा. आठ-दहा झाली की साखळीच्या दोरीवर ओवता येतात, पिशवीवर शिवता येतात, केसांच्या क्लिपला किंवा पुस्तकातल्या खुणेच्या पट्टीला लावता येतात. मान आणि मनगट दुखायच्या आत सुई खाली ठेवा. फास मोठा करून त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम उद्यापर्यंत जसंच्या तसं थांबतं.